खिळ्यावरची चेन

त्या घरात न मोजता होणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे सासऱ्यांचं बोलणं. बाकी झाडून सगळ्याला माप होतं. दुधाच्या कपाला आतून रेघ होती, पडद्याची कड जमिनीपासून किती वर असावी हे ठरलेलं होतं, आणि तीन वर्षांच्या नातीला दर महिन्याला भिंतीशी उभं करून तिची उंची बघितली जायची. जणू ती कमी भरली तर कुणाला तरी परत करता येणार होती.

सासऱ्यांचाही नाइलाज होता. अख्खी नोकरी वजनमाप खात्यात गेलेली. दुकानात शिरायचं, पारड्याखाली बोट फिरवायचं, चिकटवलेलं मेण काढून दुकानदाराच्याच तळहातावर ठेवायचं, झिजलेली वजनं पिशवीत टाकायची आणि चहाला नाही म्हणायचं. ते निवृत्त झाले तेव्हा दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरच्यांनी श्वास रोखून धरला. गल्लीत त्यांना 'मापाडी' म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण आवाज असा की समोरूनही ऐकू जावा.

घरची सायकल मापाड्यांच्या अखत्यारीत होती. सकाळी ती सुनेच्या ताब्यात: मागच्या खुर्चीत लेक, हँडलला डबा. टेकाडावरच्या पाळणाघरात लेकीला सोडायचं आणि तसंच पुढे लॅब गाठायची. दंतवैद्यांसाठी कवळ्या नि कॅपा तयार करायची ती लॅब. सून तिथे दिवसभर लोकांचे दात घडवत बसायची. संध्याकाळी सायकल मापाड्यांची: बाजार, फेरफटका आणि गल्लीत कोण कुठे चुकतंय याची पाहणी.

या सायकलीला एक नव्हे, तीन चेन होत्या. तिन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या, सुनेचं लग्न व्हायच्याही आधी. एक सायकलवर, एक रॉकेलच्या डब्यात, एक जिन्याखाली खिळ्यावर. महिना संपला की पाळी बदलायची. उतरवलेली चेन धुवायची, पुसायची आणि खिळ्यावरच्या चेनशेजारी लटकवून बघायची. दोघींची खालची टोकं जुळली की चेन पास. आजवर एकही नापास झाली नव्हती.

"लोकांना चेन वापरता येत नाही," मापाडी म्हणत. "दोन वर्षं झाली की चालले दुकानात. चेन ताणत नसते. माणूस ताणतो."

चेन ढिली पडू नये म्हणून ते दर खेपेला मागच्या चाकाचे नट सैल करून चाक जरासं मागे ओढत. असं मागे सरकत सरकत ते चाक आता खाचेच्या पार टोकाला जाऊन बसलं होतं; आणखी मागे जायचं तर सायकलच्या बाहेरच पडावं लागलं असतं. पण चाक कुठे बसलंय हे काही माप नव्हे. त्यामुळे तिकडे कुणी बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा आहे, तिथे सुनेनं पेडलवर सगळा भार टाकला आणि खालून 'ठक्क' असा आवाज आला. पायाखालची पायरी कुणी काढून घ्यावी तसं पेडल एकदम रिकामं झालं. पाय घसरला, नडगी पेडलच्या दातांवर सोलली, सायकल कलली. दुसरा पाय कसाबसा टेकवून तिनं मागची खुर्ची पोटरीनं आणि देवाच्या नावानं तोलून धरली.

मागून मुंगीचा आवाज आला, "आई, परत!"

मुंगी म्हणजे लेक. सतत कुठेतरी चढत असायची आणि गोड डब्यापर्यंत पोचायची, म्हणून मुंगी. तिला वाटलं, आईनं मुद्दाम केलं.

"परत नाही बाळा," सून म्हणाली. उरलेला चढ तिनं सायकल ढकलत पार केला. मोज्यात रक्त झिरपत होतं आणि मुंगी मागे बसून मोठमोठ्यानं ठक्क, ठक्क म्हणत होती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर खटला उभा राहिला. आरोपी सून. फिर्यादी, पोलीस आणि न्यायाधीश मापाडी. सासूबाई शेंगा सोलत होत्या. नवरा मधल्या खुर्चीत बसला होता, कारण त्याला कुठल्याच बाजूला बसायचं नव्हतं.

"कुठल्या पायानं दाब दिलास?" मापाड्यांनी सुरुवात केली.

"दोन्ही पायांनी, बाबा. आळीपाळीनं. सायकल तशीच चालते."

"जोर लावलास?"

"चढ आहे तो. लाडीगोडी लावून चढत नाही."

"हिसका दिला असशील. हिसका दिला की कुठलीही चेन चाकाचा दाता सोडते. मी इतकी वर्षं चालवतोय, माझ्याकडून कधी..."

"तुम्ही टेकाडावर कधी गेलात?" सासूबाई शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या. "बाजार सपाटीला आहे. आणि तिची नडगी आधी धुवू द्या. रक्त सुकलं की कमी भरतं, मग तुम्हीच म्हणाल लागलंच नाही."

"दोघांचंही बरोबर आहे," नवरा म्हणाला. हे वाक्य तो इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलला होता की आता ते त्याच्या तोंडून जांभईसारखं आपोआप निघायचं.

मापाड्यांनी निकाल राखून ठेवला, म्हणजे लगेच सांगितला. रविवारपर्यंत तपासणी. सायकलीत दोष निघाला तर दुरुस्ती.

"आणि नाही निघाला तर?"

"तर दोष चालवणाऱ्यात. मग पोरीला सायकलवर न्यायचं नाही. तिच्या जिवाशी खेळ नको."

या शेवटच्या वाक्यावर सुनेनं भांडायचं कसं? टाकीजवळ तिच्याही मनात तेच आलं होतं. पण या निकालाचा हिशेब तिच्याशिवाय कुणी केला नव्हता. बस टेकाडाला वळसा घालून जाते. आधी पाळणाघर, मग लॅब, म्हणजे रोजचा उशीर ठरलेला. लॅबची मालकीण ओरडणारी बाई नव्हती; ती नुसती घड्याळाकडे बघायची, मग दाराकडे, आणि दाराबाहेर नोकरी मागायला आलेल्यांचा तोटा नव्हता. सायकल गेली की नोकरी गेली. आणि नोकरीबरोबर ती सकाळही गेली, जिच्यात मुंगी पाठीला गाल चिकटवून बसते, जगातल्या सगळ्या कुत्र्यांना नावानं हाका मारते, आणि उतरताना कुर्त्यावर लाळेचा ओला गोल ठेवून जाते. तो गोल लॅबमध्ये पोचेपर्यंत वाळायचा. त्याचं माप घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच एक बरं होतं.

तपासणी शुक्रवारी सकाळी झाली. मापाड्यांनी चेन उतरवली, धुतली, पुसली, खिळ्यावर दुसरीच्या शेजारी लटकवली, खाली वाकले आणि चष्मा कपाळावर चढवला. दोघींची टोकं तंतोतंत जुळत होती. मग रॉकेलमधली तिसरी काढून तीही लावली. तीही जुळली.

"सायकल निर्दोष," मापाडी म्हणाले. बोलण्यात दुःख होतं असं त्यांना वाटत होतं.

लॅबच्या दुपारच्या सुट्टीत सून सायकलच्या दुकानात गेली आणि तसलीच नवी चेन मागितली. सायकलवाल्यानं गल्ल्यामागून हात लांबवून एक खोकं समोर टाकलं.

"नुसती चेन बदलून भागेल ना?" तिनं विचारलं.

"सायकल बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग आणू का बघायला?"

"आणा की. पण बघायला वेळ कुणाला आहे? तुम्ही चेन मागितली, मी चेन दिली. उद्या बस मागाल तर नाही म्हणेन." एवढं मार्गदर्शन करून तो पंक्चरकडे वळला.

संध्याकाळी नवी चेन खिळ्यावर चढली. तिन्ही जुन्यांच्या रांगेत चौथी. कड्या मोजून सारख्या केल्या होत्या. तरी नवी त्यांच्यापेक्षा चांगली बोटभर वर राहिली.

"आखूड आहे," मापाडी म्हणाले.

"बाबा, कड्या तेवढ्याच आहेत."

"म्हणजे कडी न् कडी आखूड केली! लोखंड वाचवतात, बदमाश. मी नोकरीत असतो तर दुकानाला टाळं ठोकलं असतं."

"ती आखूड नाही. आपल्या लांब झाल्यात."

"तिन्ही?"

"तिन्ही. पाळीपाळीनं चालल्या, पाळीपाळीनं झिजल्या. कडीतली पिन केसभर झिजली तरी सगळ्या मिळून बोटभर होतं. आपण इतकी वर्षं त्यांना एकमेकींशीच लावून बघतोय. कशी कोण नापास होणार?"

मापाड्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. "म्हणजे तीन जणी सांगतायत एक, आणि ही काल आलेली सांगतेय दुसरंच, आणि खरी कोण तर ही?"

"मी या घरात आले तेव्हाही मला असंच मोजलं होतं," सासूबाई ओट्यापाशी स्वतःशी बोलल्यासारख्या बोलल्या, पण स्वतःशी बोलताना माणूस एवढा आवाज चढवत नाही.

शेवटी ठरलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? नवी लावून बघू. शनिवारी सकाळी नवऱ्यानं चाक पुढे सरकवलं, नवी चेन चढवली आणि दोघांचंही बरोबर ठरावं अशा बेतानं बाजूला उभा राहिला. मुंगीला घरात ठेवलं होतं. शेजारचे दोघे सहज म्हणून बाहेर आले. सहज बाहेर येणाऱ्यांना अशा वेळची खबर आधीच लागलेली असते. सून चढली, पेडल दाबलं.

ठक्क. ठक्क. ठक्क.

फाटकापर्यंतही सायकल धड गेली नाही. चढ नाही, ओझं नाही, सपाट रस्ता, आणि नवीकोरी चेन उंदरासारखी दात्यांवरून उड्या मारत होती. जुनी निदान चढावर दगा द्यायची. हिनं अंगणातच अब्रू काढली.

मापाडी हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे नवी उतरवली, चाक मागे ओढलं, जुनी चढवली आणि स्वतः गल्लीला चक्कर मारून आले. एकदाही आवाज नाही.

"बघितलंस?" एवढंच म्हणाले.

सुनेनं बघितलं. जगाला दिसेल असं बघितलं. जिचा कैवार घेतला तीच फितूर झाली होती, आणि का झाली हे तिला कळत नव्हतं. त्या दिवशी ती मुंगीला कडेवर घेऊन बसनं गेली आणि ठरल्याप्रमाणे उशिरा पोचली. मालकिणीनं घड्याळाकडे बघितलं.

"ती कालवाली कॅप परत आलीय," मालकीण म्हणाली. "नवा दात उंच लागतो म्हणे. चावता येत नाही."

सुनेनं त्या पेशंटच्या जबड्यांचे साचे समोर घेतले, वरचा जबडा खालच्यावर ठेवला. पेशंट म्हातारा होता. आयुष्यभर चावून चावून त्याचे दात उतरणीचे झाले होते. वरचे खालच्यांना सांभाळून झिजलेले, खालचे वरच्यांना. छान संसार चालला होता. त्यात तिनं घडवलेली कॅप उभी होती, विशीतल्या दातासारखी, सगळे उंचवटे जागच्या जागी. दात जसा असावा तशी. म्हणूनच ती कुणाला नको होती.

अशा वेळी काय करायचं हे लॅबमध्ये सगळ्यांना पाठ असतं. नव्यालाच घासायचं. अख्खं तोंड कोण बदलत बसणार? तिनं घासायचं यंत्र सुरू केलं आणि तसंच हातात धरून राहिली.

"झोप आलीय का?" मालकिणीनं विचारलं.

"नाही. जाग आली," सून म्हणाली आणि कॅप घासायला लागली.

घरी आली तेव्हा मापाडी बाजारात गेले होते, पायी, कारण सायकल तपासणीवर होती. मुंगीला तिनं आल्या आल्या झोपवलं. मग जिन्याखालून सायकल ओढून काढली, उलटी उभी केली, पिशवीतला तोंडात बघायचा छोटा आरसा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा चेन सोडून दातांकडे बघितलं.

मागच्या दातेरी चाकाचे दाते सगळे एका अंगाला झुकलेले होते. एका बाजूनं नखानं कोरल्यासारखे खोलगट, टोकाला आकडी, वाऱ्यानं एका दिशेला लोटलेल्या लाटांसारखे. पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चाकाचे जरा बरे होते, पण बरे म्हणजे त्या म्हाताऱ्यासारखे बरे. तिनं या पुढच्या दातेरी चाकाच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली. चेन दात्यांवरून अलगद उचलली गेली आणि मधून अंगणातला उजेड दिसला. मग नवी चेन तिथे दाबून पाहिली. एक कडी बसली, दुसरी बसली, आणि पुढच्या कड्या दात्यांच्या टोकांवरच चढून बसल्या.

म्हणजे तिघी लांब झाल्या, आणि दाते त्यांच्या लांबीला सांभाळून झिजले. आता धड मापाची चेन आली की ती खोटी ठरणार. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि दोष पाहुणीला.

"आई, याचे दात किडले?" मुंगी झोपेतून उठून कधी शेजारी उकिडवी बसली कळलंच नाही. गालावर उशीची सुरकुती होती.

"झिजले."

"चॉकलेट खाल्लं?"

"चेन खाल्ली."

"सगळी?" मुंगीनं आदरानं विचारलं, आणि स्वतःचे दात बोटानं एकेक करून चाचपले. सुनेनं आरसा धरून तिला ते दाखवले, वरचे, खालचे, सगळे जागच्या जागी आहेत अशी तिची खात्री होईपर्यंत. बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती तेलकट हातांनी तशीच बसून राहिली.

रविवारी सकाळी तिनं मापाड्यांना सायकल उलटी करून दाखवली.

"नुसती चेन बदलून काही होणार नाही, बाबा. मागचं दातेरी चाक, पुढचं दातेरी चाक, चेन, तिन्ही एकदम बदलायला हवं. दाते बघा, कसे आकड्यासारखे झालेत."

"दाते असेच असतात."

"कुठे बघितलेत असे?"

"या सायकलवर."

सून नवऱ्याकडे वळली. त्यानं तोंड उघडलं, तिची नजर पाहिली आणि मिटलं. त्याचं त्या दिवशीचं शहाणपण तेवढंच, पण वेळेवर होतं.

"ठीक आहे," मापाडी उठले. "मी चढवून दाखवतो. त्याच वळणावर. जुन्या चेनवर. मागे मुंगीएवढंच वजन ठेवून. म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको."

मुंगीला तराजूवर बसवलं. तेवढेच बटाटे मोजले. एक काढला, लहान घातला, तो काढून दुसरा घातला. पोतं मागच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलं. सासूबाई दारात आल्या.

"ते बटाटे आठवडाभराचे आहेत," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं चालू द्या."

साक्षीदार म्हणून सून शेजारून चालत गेली. मापाड्यांनी सायकल छान चालवली, हे मान्य करायला हवं. पाठ ताठ, हनुवटी वर. अर्ध्या चढापर्यंत एक शब्द नाही, एक आवाज नाही. सुनेच्या मनात क्षणभर येऊन गेलं, खरंच आपलंच चुकलं असेल तर? टाकीच्या वळणाला चढ उभा झाला. मापाडी पेडलवर उभे राहिले आणि सगळं वजन त्यांनी उजव्या पायावर टाकलं.

ठक्क.

पेडल सुटलं. मापाडी दांड्यावर आदळले, अशा जागी की पुढचा श्वास कुठून घ्यावा हे त्यांना कळेना. सायकल एका अंगाला गेली, ते दुसऱ्या. सून धावली, तिनं त्यांना काखेत धरलं आणि कडेच्या दगडावर बसवलं. "बाबा, लागलं? बघू. हात हलवा. पाय हलवा."

ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. मागची खुर्ची डांबरावर आडवी पडली होती. पोत्याचं तोंड सुटलं होतं आणि बटाटे उतारावरून घरंगळत चालले होते, काही गटारात, काही रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या गाडीखाली एक. गाडीवाल्यानं शिवी हासडली आणि निघून गेला.

"तेवढंच वजन होतं," मापाडी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मी... तेवढंच मोजून घेतलं होतं."

सुनेनं सायकल खुर्चीसकट उचलून उभी केली. पट्टा घट्ट होता, पोतं मात्र अर्धं रिकामं झालं होतं.

मापाड्यांनी घसा खाकरला. "आमच्या ऑफिसात एक पेटी असायची. आत मखमल. त्यात खरं वजन ठेवलेलं. हातमोजे घातल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडायची." ते थांबले. "ते वजन काढून कुणी भाजी तोलली असती तर मी त्याला घरी पाठवला असता. दुसऱ्या दिवशी."

"हं," सून म्हणाली.

"आणि मी ती खिळ्यावरची दर तीन महिन्यांनी सायकलवर चढवत होतो."

"हं."

"नुसतं हं काय करतेस? बोल की काहीतरी. हीच तर वेळ आहे."

बोलायला पुष्कळ होतं. गुरुवारपासून जिभेवर साचलेलं, चांगलं धार लावून ठेवलेलं. पण त्यांच्या कोपराला खरचटलं होतं, आणि ते दुसऱ्या हातानं झाकायचा प्रयत्न करत होते, मुंगी करते तसा. तिनं ओढणीच्या टोकानं ते पुसलं.

"घरी काय सांगणारेस?" त्यांनी विचारलं.

"काय सांगायचं ते तुम्ही सांगा, बाबा. मला उद्या सकाळी सायकल पाहिजे."

ते तिथून घरी न जाता परस्पर दुकानात गेले, सायकल ढकलत, वाटेत सापडतील तेवढे बटाटे गोळा करत. सायकलवाल्यानं या खेपेला सायकल बघितली, कारण ती थेट त्याच्या पायावर टेकवली होती. तो तिन्ही वस्तू बदलत होता तेवढा वेळ मापाडी शेजारी स्टुलावर बसून होते, जपून बसलेले, एका अंगावर.

"हे दाते बघ," ते त्याला म्हणाले. "एका बाजूला झुकलेले. आकडी आली की समजायचं, संपले. चाक खाचेच्या टोकाला गेलं, तेव्हाच ओळखायला हवं. आणि पुढून चेन ओढून बघायची. मधून उजेड दिसला की संपलं. नुसती चेन बदलणारा माणूस मूर्ख."

"मला काय सांगता, आजोबा," सायकलवाला म्हणाला. "मी मागाल ते देतो."

"तेच तर चुकतं तुझं."

घरी आल्यावर मापाड्यांनी टेबलावर जाहीर केलं की दातेरी चाकं आणि चेन ही कायम एकदम बदलायची असतात, लोकांना हे ठाऊक नसतं ही देशाची शोकांतिका आहे, आणि घरातल्या सायकलीपुरता तो प्रश्न आता मिटला आहे. पडल्याचा उल्लेख त्यात नव्हता. बटाट्यांचाही नव्हता. ते मऊ उशी घेऊन बसले होते, पण उशीबद्दल कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं बायकोकडे बघून भुवई उडवली. ती पोळी वाढत राहिली.

सासूबाईंनी पोतं तराजूवर ठेवलं, काट्याकडे बघितलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"कमी भरतंय," त्या म्हणाल्या. "दुकानदाराला धरू का कुणाला?"

मापाड्यांनी पाणी मागितलं.

सोमवारी सकाळी मापाड्यांनी स्वतः मुंगीचा पट्टा लावला. दोनदा ओढून बघितला, मग तिसऱ्यांदा. त्यांनी काही सूचना दिल्या नाहीत, आणि त्या घरात हीच मोठी गोष्ट होती. सून निघाली. टेकाड सुरू झालं तसं तिचं सगळं अंग पायांत गोळा झालं. वळण आलं. ती पेडलवर उभी राहिली नाही. उभं राहायची अजून हिंमत नव्हती. बसूनच दाब दिला. मग आणखी जरा. खालून काहीच ऐकू आलं नाही, फक्त टायरखाली चढ सरकत होता आणि मागून मुंगी कुठल्याशा पांढऱ्या कुत्र्याला हाका मारत होती. टाकी मागे पडली. वर पोचल्यावर तिला हसूच फुटलं, एकटीलाच, भर रस्त्यात.

पाळणाघराचं दार बंद होतं. इतक्या लवकर ती इथे कधी आलीच नव्हती. जुन्या चेनवर वळणापर्यंतच दम संपायचा, आणि उरलेला चढ ढकलत यायची सवय कधी लागली, तिचं तिलाच आठवेना. ढकलण्यातला तो सगळा वेळ आता मोकळा हातात आला होता आणि त्याचं काय करायचं असतं ते तिला सुचेना.

"आता काय करायचं?" मुंगीनं विचारलं.

"बसायचं."

दोघी पायरीवर बसल्या. मुंगीनं एक बूट काढला, उलटा करून झाडला, आत काहीच नव्हतं, तरी पुन्हा झाडला. मग आईच्या मांडीवर आडवी झाली आणि वर बघत तिचा चेहरा बोटानं चाचपू लागली. नाक, ओठ, मग दात. सुनेनं ते बोट हळूच चावलं. मुंगी खिदळली.

दारामागे कुणाची तरी पावलं आली, कुलपात किल्ली फिरली.

"थांबा हो जरा," मुंगी दाराकडे बघून ओरडली. "आम्ही बसलोय!"